दुपारची झोप

झोपलेल्या मुलाला उठवू नये, असे एक अलिखित शास्त्र आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु न झोपणाऱ्या मुलाला परक्या गावी, भर दुपारी, हजारो माणसांच्या गर्दीत कसे झोपवावे, याविषयी ते शास्त्र मौन धारण करते. गेल्या दिवाळीच्या सुटीत हा प्रश्न आम्हां पाचजणांपुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मला माझ्या संसारातील एक जुना हिशेब अवचित सापडला.

आम्ही जिंतूरची माणसे. सहलीला जायचे म्हटले की मुंबई-पुण्याच्या आधी आम्हांला हैदराबाद आठवते. 1948 पर्यंत आमचा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. माझे वडील शिकायला हैदराबादला गेले, आणि घरातले मोठे खटले, मोठी आजारपणे व मोठी खरेदी हे सारे त्याच दिशेने जात असे. त्यामुळे चिरंजीवांनी रामोजी फिल्म सिटीचा बेत पुढे मांडला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. चित्रपटांसाठी 1996 साली उभारलेली ही नगरी 1,666 एकरांवर पसरलेली असून चित्रपटनिर्मितीचे जगातील सर्वांत मोठे संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. ही माहिती मी सर्वांना ऐकवली. सूनबाईंनी तेवढ्यात एकच प्रश्न विचारला : ‘‘आणि सोन्या झोपणार कुठं?’’

सोन्या म्हणजे आमचा नातू. त्या वेळी त्याला दोन वर्षे पुरी होऊन चार महिने झाले होते. चिरंजीव बँकेत नोकरीला असल्यामुळे जगातील कोणताही प्रश्न तक्त्यात बसवला की सुटतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंतचे वेळापत्रक कागदावर आखले आणि त्यात ‘1 ते 3 : सोन्याची झोप, बाबागाडीत’ असा एक रकाना घातला. सूनबाईंचे मत निराळे होते. त्यांनी बालसंगोपनावरचे बरेच वाचलेले आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून अकरा ते चौदा तास निद्रा लागते, असा अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी 2016 साली दिलेला निर्वाळा त्यांनी ऐकवला. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, त्याने डोळे जड होतात, आणि लहान मुलात झोपेची ही ओढ मोठ्या माणसापेक्षा फार लवकर अनावर होते. ती वेळ चुकली की मूल पेंगत नाही, उलट चेकाळते, असेही त्यांनी सांगितले. माझ्या पत्नीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि दहीभाताचा डबा व एक जुने दुपटे पिशवीत तळाशी ठेवले. तिचे मत तेवढेच होते.

मी स्वतः या वादात तटस्थ राहिलो. एकतर दुपारी मी महाविद्यालयात असतो. सोन्या कधी झोपतो हे मी ऐकूनच जाणतो. दुसरे असे की, जेवणानंतरच्या तासाला साठ तरुणांना निद्राधीन करण्याची माझी ख्याती आहे. तेव्हा एका पोराचे काय, असाही थोडा अहंकार मनात होता.

आमच्या गावाला रेल्वे नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या परभणीला जाऊन रात्रीची गाडी धरायची आणि नांदेड, निजामाबाद झोपेत मागे टाकायचे. आम्ही मोठ्यांनी ते केले. सोन्या मात्र गाडीच्या नवलाईने मध्यरात्रीपर्यंत जागा होता आणि पहाटे चहावाल्याच्या पहिल्या आरोळीला ताडकन उठून बसला. चिरंजीवांच्या तक्त्यात या घटनेला रकाना नव्हता.

सकाळ उत्तम गेली. प्रेक्षकांना बसमध्ये बसवून निरनिराळ्या देखाव्यांमधून हिंडवतात. कुठे विमानतळ, कुठे परदेशातली पेठ, कुठे आगगाडीचे स्टेशन. पाटी बदलली की गाव बदलते. इमारतींना बहुधा दर्शनी भिंत तेवढी असते. आमचा वाटाड्या हे गुपित फोडून दाखवी तेव्हा माणसे हसत. मला ते पाहून थोडे अवघडल्यासारखे झाले. पस्तीस वर्षे अध्यापन केलेल्या माणसाला दर्शनी भिंतीची थट्टा फारशी मानवत नाही. सोन्याला मात्र यातल्या कशाचेच कौतुक नव्हते. त्याला एका नळाखाली साचलेल्या पाण्यात पाय आपटायचे होते, आणि ते त्याने अर्धा तास मनसोक्त केले.

साडेबाराच्या सुमारास त्याने टोपी फेकली. मग एक बूट फेकला. मग तो कान चोळू लागला. सूनबाई म्हणाल्या, ‘‘आता याला निजवायला हवं.’’ चिरंजीवांनी घड्याळ पाहिले. अजून अर्धा तास अवकाश होता, आणि मध्ये त्यांनी साहसदृश्यांचा खेळ बसवला होता. अमेरिकेतील गुराख्यांच्या चित्रपटांत असते तशी मारामारी, बंदुका, छतावरून उड्या. आम्ही आत शिरतो न शिरतो तोच पहिला बार उडाला आणि सोन्याने जो टाहो फोडला, त्यापुढे बंदूक फिकी पडली.

आम्ही सारे बाहेर आलो. यानंतरची पाच मिनिटे मी विस्ताराने सांगत नाही. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ती पाठ असतील. कोणी म्हणाले कडेवर घ्या, कोणी म्हणाले बाबागाडी हलवा. तिकिटाच्या पैशांचा उल्लेख झाला. ‘मी सांगत होते’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले, आणि त्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले. एवढ्या लांब आनंद करायला आलेली दोन तरुण माणसे दोन दिशांना तोंडे करून उभी होती. मध्ये पोर हुंदके देत होते.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की पत्नी तेथे नाही. ती थोडी पलीकडे एका झाडाच्या सावलीत बसली होती. दुपटे अंथरून झाले होते, मांडी घालून झाली होती. हात पुढे करून ती म्हणाली, ‘‘द्या त्याला इकडं. तुम्ही सगळे जा, मी बसते.’’

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. 1997 च्या हिवाळ्यात आम्ही वेरूळला गेलो होतो. चिरंजीव तेव्हा सोन्याएवढेच होते. कैलास लेण्याच्या दारात त्यांना झोप आली, आणि पत्नी समोरच्या झाडाखाली दुपटे अंथरून म्हणाली होती : ‘‘तुम्ही जा, मी बसते.’’ मी गेलो. हातात पुस्तक घेऊन चांगले तीन तास गेलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, हा डोंगर माथ्याकडून पायथ्याकडे कसा कोरत आणला, हे एका अनोळखी प्रवाशाला मी उत्साहाने समजावूनही दिले. परत आलो तेव्हा मूल नुकतेच जागे झाले होते आणि परतीची एस. टी. उभी होती. त्यानंतर आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की, वेरूळ आम्ही दोघांनी पाहिले. दोन वर्षांपूर्वी असेच पाहुण्यांपुढे कैलासाचे वर्णन चालले असता ती आतून चहा घेऊन आली आणि कोणालाही दोष न देता म्हणाली, ‘‘मी कुठं पाहिलंय? मी त्या झाडाखाली होते.’’ पाहुणे हसले. मीही हसलो होतो.

‘‘तू जा,’’ मी म्हणालो. ‘‘मी बसतो.’’

तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी राजीनामा दिला. पत्नीने आधी नकार दिला, मग शंका काढल्या, मग दहा सूचना दिल्या. दहीभात चारा, पाठीवर थोपटा, पण जोरात नको, गाणे म्हणू नका. या शेवटच्या सूचनेचे मला वाईट वाटले. अखेर तिघेही गेली. जाताना चिरंजीव आणि सूनबाई निदान एकाच बाजूने चालत होती.

दहीभाताचे चार घास पोटात जाताच सोन्याचा हुंदका मोडला. त्याने माझ्या दंडावर डोके टेकले, दोनदा चष्मा ओढून पाहिला, आणि बोलता बोलता त्याच्या अंगातले सारे बळ निघून गेल्यासारखा तो जड झाला. झोपलेले मूल जागेपणीपेक्षा दुप्पट भरते, हे पदार्थविज्ञानाला मान्य नसलेले सत्य मला त्या दिवशी कळले. पहिल्या वीस मिनिटांत माझा हात बधिर झाला. पुस्तक पिशवीत होते, पिशवी चार हातांवर होती. चार हात म्हणजे त्या वेळी हैदराबाद ते जिंतूर. हलावे तर तो जागा होईल. मी हललो नाही.

समोर एक खोटी इमारत होती. तिच्या खिडक्यांतून पलीकडचे आकाश दिसे. मी खिडक्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मुंग्यांची एक रांग दुपट्याच्या कडेने भाताच्या शितापर्यंत आली, तिला हलकेच फुंकर घातली. आतून टाळ्यांचा आवाज येई, बार उडे, आणि प्रत्येक बाराला सोन्याच्या पापण्या थरथरत. मी त्याच्या कानावर तळहात ठेवून बसलो. त्या तीन तासांत हिने वेरूळला काय मोजले असेल? तेथे खिडक्या नव्हत्या. लेण्यातून बाहेर पडणारी माणसे मोजली असतील आणि त्यांत मी आहे का ते पाहिले असेल. मी तिला परतल्यावर काय पाहिले ते तपशीलवार सांगितले होते, हे मला आठवते. तिने काय पाहिले ते विचारल्याचे काही आठवेना. पुष्कळ प्रयत्न केला.

पाऊणे तीनला सोन्या उठला, माझ्याकडे पाहिले, आणि ‘आजी’ म्हणून रडू लागला.

आजी आली ती लांबूनच बोलत आली. एक माणूस छपरावरून खाली कसा पडला, पडला तो मेलाच असे तिला कसे वाटले, मग तोच उठून कसा नमस्कार करू लागला. खेळ संपल्यावर तिघांनी आणखी दोन देखावे पाहिले होते. ती हातवारे करून सांगत होती, सोन्याला कडेवर घेऊन सांगत होती, बसमध्ये सांगत होती. तिचा एवढा अखंड आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. चिरंजीव व सूनबाई एका कागदी पेल्यातून आलटून पालटून उसाचा रस पीत होती.

परतीच्या गाडीत दिवे मालवल्यावर मी वरच्या बाकावरून खाली वाकून म्हणालो, ‘‘नाताळात वेरूळला जाऊ.’’

‘‘आणि सोन्या?’’

‘‘मी बसेन की त्याला घेऊन. तो एकला झोपतो.’’

‘‘साडेबाराला,’’ ती म्हणाली, आणि दुपट्याची घडी घालू लागली.