लेखनसीमा

मराठेशाहीतील जुनी पत्रे पाहताना शेवटी उमटवलेली एक लहानशी मुद्रा नजरेत भरते. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’, पेशवेकालीन पत्रांवर ‘लेखनसीमा’. पत्र येथे संपले, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा तिचा अर्थ. मजकूर चिटणिसाच्या हातचा असे. मर्यादा मात्र धन्याची. आमच्या व्यवसायात हा भेद आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे.

आम्ही इंदुरात कार्यालयीन कामकाजाची सॉफ्टवेअर तयार करतो. पत्रव्यवहार, टिपणे, देयके, रजेचे अर्ज असे रुक्ष विषय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले आणि लवकरच प्रत्येक ग्राहकाची मागणी एकच झाली : कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस बसवून द्या. बसवणे अवघड नव्हते. त्याने पडद्यावर कोठे उभे राहावे आणि केव्हा बोलावे, हे ठरवणे अवघड होते.

त्याने कसे नसावे, याचा धडा जुनाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ९७’मध्ये क्लिपी नावाची डोळेवाली कागदपिन होती. पत्राचा मायना टंकताच ती पुढे येऊन मदत देऊ करी. शंभरावे पत्र लिहिणाऱ्यालाही तोच प्रश्न. लोक कंटाळले. २००१ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवली गेली आणि २००७ च्या आवृत्तीतून हद्दपार झाली. त्याच कंपनीतील संशोधक एरिक हॉर्विट्झ यांनी १९९९ साली एका निबंधात जी तत्त्वे मांडली, ती आजही खरी आहेत : व्यत्ययाची किंमत आणि मदतीचा लाभ तोलावा, मदतनिसाला बोलावणे आणि घालवणे, दोन्ही सोपे असावे.

पुढची पिढी अधिक सभ्य निघाली. २०२१ साली आलेला गिटहबचा कोपायलट फिकट अक्षरांत सूचना दाखवतो. टॅब दाबली तर ती स्वीकारली जाते, आपण लिहीत राहिलो तर विरून जाते. पण सभ्यता म्हणजे निरुपद्रवीपणा नव्हे. केनेथ आर्नल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शब्द सुचवणारी सोय वापरून लिहिलेल्या चित्रओळी अधिक आखूड आणि अधिक ठरीव भरल्या. कोणी सक्ती केली नव्हती. तयार शब्द समोर आला की आपला शब्द मागे सरतो, इतकेच.

आपणां वाचकांना हे वेगळे सांगायला नको. होळकरांच्या काळापासून माळव्यात राहून आपण मराठी टिकवली, ती शब्द स्वतः शोधत राहिल्यामुळे. तिला हिंदीची लय लागली, तरी ती आपली राहिली. तो शोधच थांबला, तर बिनचूक मराठी हाती उरेल. आपली मात्र नव्हे.

म्हणून आमच्या रचनेत मदतनीस समासातील एका बारीक खुणेएवढाच दिसतो. हाक मारल्याखेरीज बोलत नाही. त्याचा मसुदा वेगळ्या चौकटीत, वेगळ्या रंगात उमटतो; माणसाने उचलून ठेवल्याशिवाय पत्रात शिरत नाही. रक्कम वा तारीख आली, तर ती फाइलीतील कोणत्या कागदावरून घेतली, हे शेजारी दिसते. पत्र तो कधीही स्वतः पाठवत नाही.

एका मोठ्या ग्राहकाला हे पसंत पडले नाही. मदतनीस प्रत्येक पडद्यावर आपणहून उघडावा आणि कोणत्या कर्मचाऱ्याने किती सूचना स्वीकारल्या याची मोजदाद व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मोजदाद सुरू झाली की सूचना हुकूम बनते. आम्ही नकार दिला, काम गेले. दहा माणसांच्या संस्थेला ते वर्षभर जाणवले.

दुसऱ्या एका कार्यालयात निवृत्तीला आलेल्या एक लिपिकबाई आमचे सॉफ्टवेअर वापरतात. दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतनाविषयी पत्र जायचे होते. बाईंनी मसुदा मागवला, रकमा कागदांशी ताडून घेतल्या, नियमांचा परिच्छेद उचलला. आरंभीचे सांत्वनाचे वाक्य मात्र चौकटीतच राहू दिले. त्या जागी त्यांनी दोन ओळी स्वतः लिहिल्या. त्यांत त्या सहकाऱ्याच्या हसण्याचा उल्लेख होता. तो कोणत्याही फाइलीत नव्हता.