‘बालू’चे नातेसंबंध

शब्द वाचला जातो आणि अक्षर केवळ दिसते, असे साहित्यविचाराने बहुधा गृहीत धरलेले असते. संहिता लेखकाची, टंक मुद्रकाचा, अशी ही वाटणी आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने घडवलेला आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध असलेला ‘बालू’ हा ठळक, गोलसर टंक या वाटणीविषयी शंका उत्पन्न करतो.

देवनागरीच्या रेषांतील जाड-बारीक भेद ही तिरक्या कापलेल्या बोरूची देणगी. ‘बालू’मध्ये हा भेद बराचसा मावळतो, रेषा भरदार होते, वळणे मऊ होतात. त्याची किंमत अक्षराच्या पोटातील पोकळीला मोजावी लागते. ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारख्या जोडाक्षरांत रेषा एकमेकींना भिडू पाहतात. म्हणून असा टंक शीर्षके, भित्तिपत्रके, वेष्टने आणि बालपुस्तकांची मुखपृष्ठे येथे शोभतो. दीर्घ गद्यात तो वाचकाला थकवतो. मूळ टंकाला एकच जाडी होती. ‘बालू २’मध्ये पाच जाड्या आल्या, ही त्या मर्यादेचीच कबुली म्हणता येईल.

टंकाचे नाव किप्लिंगच्या ‘द जंगल बुक’मधील (१८९४) अस्वलाचे आहे. किप्लिंगचा बालू हा जंगलाचा कायदा शिकवणारा, प्रसंगी मोगलीला पंजाचा प्रसाद देणारा गुरू. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात तो खुशालचेंडू सोबती झाला. टंकाची प्रकृती या दुसऱ्या बालूची आहे. त्यामुळे ‘प्रवेश बंद’ हे शब्दही या अक्षरांत आज्ञेऐवजी लाडिक विनवणीसारखे भासतात. अधिकार नाहीसा होत नाही. त्याचा सूर तेवढा बदलतो, आणि म्हणूनच तो ओळखणे अवघड होते.

ही जवळीक नावांतही उतरली आहे. गुजराती टंक ‘बालू भाई’, गुरुमुखी ‘पाजी’, बंगाली ‘दा’, ओडिया ‘भाइना’, तेलुगू ‘तम्मुडु’, कन्नड ‘तम्मा’, तमिळ ‘तंबी’, मल्याळम ‘चेट्टन’, उर्दू ‘भाईजान’. प्रत्येक लिपीला आपापल्या भाषेतील भाऊ लाभला. देवनागरी मात्र नुसती ‘बालू’ राहिली. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी या सर्वांची ही लिपी. ‘दादा’ म्हणावे तर कोणाचा, ही अडचण रास्त आहे. तथापि, ही तटस्थता निखळ नाही. ‘बालू’मागे हिंदीतला ‘भालू’ उभा आहे. मराठीत तो प्राणी अस्वल. लिपी एक असणे म्हणजे भाषा एक असणे नव्हे, हे सत्य येथे एका नावापुरते उघडे पडते. ज्या घरात इतरांना नात्याने हाक मारली जाते, तेथे मराठीच्या वाट्याला नुसते नाव आले आहे, आणि तेही शेजारणीच्या बोलीतले. अक्षराचे रूप अर्थनिरपेक्ष मानणाऱ्या समीक्षेला ही हाक ऐकू येणे कठीण आहे.