लाल शाईतील तीन प्रश्न

शाळेच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून पाठवावी, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हां तिघांना एकच गोष्ट आठवली. वसतिगृहातील पहाटेची वंदना, जेवणघरातील पंगत, पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी उल्हास नदी, हे सारे मनात आहेच. परंतु नववीच्या वर्षी आमच्या वहीच्या समासात लाल शाईने उमटलेले तीन प्रश्न आजवर आमचा पाठलाग करीत आले आहेत. त्यांच्याविषयी लिहावे, असे वाटले.

त्या वर्षी महापरिनिर्वाण दिनी प्रकाशित व्हावयाच्या हस्तलिखितासाठी परिसरातील बौद्ध लेण्यांवर लेख लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आमच्यापैकी दोघे खालापूर तालुक्यातील आणि एक कर्जतचा. तरीही कोंढाण्याची लेणी एकानेही पाहिलेली नव्हती. दसऱ्याच्या सुमारास आम्ही कोंदिवड्यापर्यंत गेलो आणि राजमाचीच्या पायथ्याचे रान चढू लागलो. अर्ध्या तासात वाट चुकलो. लाकडाची मोळी घेऊन उतरणारे एक कातकरी काका भेटले. त्यांनी मोळी झाडाला टेकवून ठेवली आणि काही न बोलता ते आमच्यापुढे चालू लागले.

लेण्यांपाशी पोहोचल्यावर त्यांनी आम्हांला पुष्कळ काही दाखविले. चैत्यगृहाच्या छताला एके काळी लाकडी कमानी होत्या, त्यांच्या खुणा. कोणत्या टाक्यात उन्हाळ्यातही पाणी टिकते. राजमाचीला चढणारी गुराख्यांची जवळची वाट कोणती. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी अक्षरांची एक ओळ आहे, तीही त्यांनीच बोट दाखवून दिली. आम्ही सगळे वहीत उतरवून घेतले आणि आठ पानांचा लेख लिहिला. तो फार उत्तम झाला आहे, याविषयी आम्हांला शंका नव्हती.

दोन दिवसांनी सरांनी वही परत दिली. शाबासकी नव्हती. समासात तीन ठिकाणी लाल शाई होती.

पहिला प्रश्न शिलालेखासंबंधी होता. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, अशी नोंद तेथे असल्याचे ‘विद्वानांचे मत आहे’, असे आम्ही लिहिले होते. सरांनी विचारले होते : ‘कोणते विद्वान? कोठे लिहिले?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. एका लहानशा पुस्तिकेतून ते वाक्य आम्ही उचलले होते आणि त्या पुस्तिकेतही आधार दिलेला नव्हता. सरांनी सांगितले, जुने गॅझेटिअर पाहा. आम्ही १८८३ चा कुलाबा जिल्ह्याचा खंड मिळविला, शब्दकोश जवळ घेऊन चाळला. कोंढाणे त्यात नव्हते. हिरमुसले होऊन परत आलो, तेव्हा सर हसले. “पुस्तकाचे साल पाहिलेत का रे? तेव्हा कर्जत कोणत्या जिल्ह्यात होते?” कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. कोंढाणे सापडले ते ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या चौदाव्या खंडात. पुढे १९८१ मध्ये कुलाब्याचेही नाव रायगड झाले. संदर्भ देताना ग्रंथाचे नाव पुरत नाही. खंड, साल आणि पृष्ठही लिहावे लागते, हे आम्ही त्या चुकलेल्या शोधातून शिकलो. डोंगर जागचा हलला नव्हता, जिल्ह्याची हद्द मात्र हलली होती.

दुसरा प्रश्न लेखाच्या शेवटच्या परिच्छेदावर होता. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे बाबासाहेबांचे शब्द आम्ही तेथे अवतरणचिन्हांत दिले होते. समासात लिहिले होते : ‘केव्हा? याच क्रमाने?’ आम्ही चकित झालो. ही घोषणा तर शाळेच्या भिंतीवर होती! सरांनी आम्हांला १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतील इंग्रजी भाषण वाचावयास दिले. त्यात क्रम वेगळा होता. शिक्षणानंतर चळवळ आणि मग संघटन. “भिंतीवरची घोषणा खोडू नका,” सर म्हणाले, “लोकांनी ती आपली केली आहे. पण अवतरणचिन्ह घातले की ते शब्द त्यांचे होतात. तेथे आपल्या मनाचे चालत नाही.”

त्याच संध्याकाळी त्यांनी महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेश समजावून दिले. कोणी म्हणाले, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, संघाकडून ऐकले, अनेक थेरांकडून किंवा एका थेराकडून ऐकले, तर लगेच मान डोलवू नये आणि झिडकारूही नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रकाशित झाला. मूळ आवृत्तीत आधारग्रंथांचे तपशील नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना त्यातील मजकुराची पाली मुळे परिश्रमाने शोधून काढली. श्रद्धा असलेल्या माणसानेच हे काम केले, याकडे सरांनी आमचे लक्ष वेधले. आधार विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, हे आम्हांला तेव्हा उमगले.

तिसरा प्रश्न सर्वांत लहान होता. लाकडी कमानींच्या खुणा, टाक्यांचे पाणी, गुराख्यांची वाट, ही सारी माहिती आम्ही ‘स्थानिक लोक सांगतात’ एवढ्यावर भागविली होती. समासात एकच शब्द होता : ‘कोण?’

“वाट दाखविणाऱ्याला नाव नव्हते का रे?” सरांनी विचारले.

“होते, सर. आम्ही विचारले नाही.”

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, “आपल्या आज्यापणज्यांनाही लोकांनी असेच लिहिले. नावाशिवाय.”

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा कोंदिवड्याला गेलो. दिवाळी होऊन गेली होती. वाडीतील बहुतेक घरे बंद होती. माणसे वीटभट्ट्यांवर गेली होती आणि पावसाच्या तोंडावर परतणार होती. एका म्हाताऱ्या आजींना आम्ही काकांचे वर्णन सांगितले. त्यांनी तीन-चार नावे घेतली. त्यांतील कोणते, हे ठरविता येईना. अंदाजाने एक नाव लिहून टाकावे, असा मोह झाला. परंतु एव्हाना आम्ही तेवढे शिकलो होतो. हस्तलिखितात तळटीप गेली ती अशी : ही माहिती कोंदिवड्याजवळील एका कातकरी गृहस्थांनी दिली, त्यांचे नाव विचारण्याचे राहिले, हा दोष लेखकांचा आहे.

आज आमच्यापैकी एक महाविद्यालयात शिकवितो, एक सरकारी कार्यालयात आहे, एक शेती पाहतो. शिकविणाऱ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत मूळ ग्रंथ न उघडता दुसऱ्याच्या तळटिपेवरून उतरविलेल्या तळटिपा असतात. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे, न पाहिलेले पाहिल्यासारखे दाखवू नये, हे तो दरवर्षी सांगतो. कार्यालयात बसणाऱ्याला कोणत्या परिपत्रकाच्या कोणत्या कलमाने एखाद्याचा अर्ज अडला, हे विचारण्याची सवय याच वहीने लावली. शेती पाहणारा म्हणतो, बियाणे कोणाच्या घरातून आले, हे तो मुलांना नावानिशी सांगतो.

कोंढाण्याच्या त्या ओळीतील ‘अंतेवासी’ हा शब्द आता आम्ही वाचू शकतो. गुरूच्या सन्निध राहून शिकणारा, म्हणजे एका अर्थी निवासी विद्यार्थीच. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बलकाने आपले नाव कोरताना त्याआधी आपल्या गुरूचे नाव कोरले. तेवढ्यावरूनच कण्ह नावाचा कोणी गुरू होता, हे आपल्याला ठाऊक आहे.

ते हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात असावे. लेण्यांना जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी ती तळटीप एकदा वाचावी आणि रानात जो कोणी पुढे चालेल त्याचे नाव, वही उघडताच, पहिल्या ओळीत लिहून घ्यावे.