मतपत्रिकेवरची रिकामी ओळ

फेब्रुवारीत आमच्या इमारतीतल्या टपालपेट्यांमध्ये जाडजूड पाकिटं येऊन पडली. झुरिक शहराची निवडणूक ८ मार्चला होती. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला चहाला बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरच मतपत्रिका उघडली. चिन्ह नाही, बटण नाही, नुसत्या रिकाम्या ओळी. महापौर म्हणून जो हवा त्याचं नाव मतदाराने आपल्या हाताने लिहायचं. आजींनी चष्मा पुसला, एकेक अक्षर सावकाश काढलं, सोबतच्या कागदावर सही केली आणि पाकीट चिकटवलं.

या वेळी त्यांना नवं नाव लिहावं लागलं, कारण कोरीन माउख उभ्या नव्हत्या. मी इथे आलो तेव्हापासून शहराच्या प्रमुख त्याच होत्या. जन्म १९६० चा, अमेरिकेतल्या आयोवा सिटीचा. आई उर्सुला माउख स्विस संसदेत खासदार होत्या. स्वतः कोरीनबाई मात्र कृषी अभियंता! अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्यासारख्याला याचा केवढा आनंद झाला. बँकांच्या शहराचा कारभार शेती शिकलेल्या बाईकडे. १९९९ पासून दहा वर्षं त्या साध्या नगरसेविका होत्या. २००९ मध्ये महापौर झाल्या, झुरिकच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री महापौर. त्यानंतर लोकांनी त्यांना चार वेळा पुन्हा निवडून दिलं. सतरा वर्षं एकच शहर, एकच काम.

इथे नऊ जणांचं मंडळ शहर चालवतं. नऊही जण थेट लोकांनी निवडलेले, प्रत्येकाकडे एक खातं. पाणी शहराचं, वीज कंपनी शहराची, ट्राम शहराची. माउखबाईंकडे संस्कृती खातं होतं. २०२१ मध्ये कुन्स्टहाउस संग्रहालयाच्या नव्या इमारतीत ब्यूर्ले या शस्त्रव्यापाऱ्याचा चित्रसंग्रह आला. ती चित्रं त्याच्याकडे कुठून, कशी आली यावरून इतिहासकारांनी रान उठवलं, तेव्हा त्याची झळ त्यांनाही लागली. मला ते योग्यच वाटलं. खातं ज्याच्या हातात, जाबही त्यालाच विचारायचा.

आमच्याकडे, अमरावतीत, जाब विचारायचा तर कुणाला? महानगरपालिका १९८३ ची. पहिले महापौर देवीसिंह शेखावत, १९८५ ला निवडून आलेले आमदार. माणूस वजनदार, पण कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे. शहराच्या नळाचं पाणी अप्पर वर्धा धरणातून येतं आणि ती योजना राज्याच्या जीवन प्राधिकरणाची, महापालिकेची नव्हे. महापौराची मुदत अडीच वर्षं. आरक्षणामुळे कितीतरी बाया त्या खुर्चीपर्यंत पोचल्या, ते व्हायलाच हवं होतं. पण अडीच वर्षांत एका नाल्याचं काम तरी मार्गी लागतं का? अचलपूरचा मतदार आपला नगराध्यक्ष थेट निवडतो. शेजारच्या अमरावतीत आणि अकोल्यात महापौर ठरवतात ते नगरसेवक. त्यातही मार्च २०२२ पासून दोन्ही शहरांत जवळपास चार वर्षं ना नगरसेवक, ना महापौर. प्रशासकच सगळं. याचा मला अजून राग येतो. लोकांनी निवडलेल्या माणसाशिवाय एवढं मोठं शहर चार वर्षं ठेवायचं कसं?

झुरिकमध्ये मला मत नाही. इथला जवळपास दर तिसरा माणूस परदेशी नागरिक आहे, त्यालाही नाही. म्हणून १५ जानेवारीला अमरावतीत मतदान झालं, त्या संध्याकाळी राजापेठेत वहिनीला फोन लावला. बोटाची शाई दाखवायला तिने लगेच व्हिडिओ सुरू केला.

“चार बटनं दाबली भाऊजी, चार नगरसेवकाईची,” ती म्हणाली. “महापौराचं बटन कोन्तं होतं, थे मात्र कोनी सांगतलं नाई.”

तसं बटण नसतंच, हे मी तिला सांगितलं. ती शाईचं बोट पदराला पुसत बराच वेळ गप्प बसली.