कोणाचं ऐकायचं, कोणाचं नाही

अहमदपूर, रात्री साडेअकरा.

नांदेड रोडवरच्या एका दुकानातलं बिलिंग मध्येच अडकतं, म्हणून संध्याकाळी तिथल्या नेटवर्कची पॅकेटं पकडून आणली. आता वायरशार्क उघडून बसलोय. जेराल्ड कोम्ब्सने 1998 मध्ये इथेरिअल नावाने काढलेलं हे फुकटचं साधन. 2006 पासून वायरशार्क. त्याला शेकडो प्रोटोकॉल वाचता येतात, आणि नेमकी तीच पंचाईत.

बिलिंगवाल्यांनी आपल्या मनाने एक पोर्ट घेतलाय. वायरशार्क नुसता आकडा बघून त्याला भलताच प्रोटोकॉल समजतो आणि जागोजागी 'माल्फॉर्म्ड पॅकेट' म्हणून लाल खुणा करतो. सरळ 'एनेबल्ड प्रोटोकॉल्स'मध्ये जाऊन त्या भलत्या प्रोटोकॉलची टिक काढली. उरला साधा टीसीपी आणि त्याच्या पोटातला कच्चा डेटा.

फिल्टर लावणं वेगळं. फिल्टर फक्त झाकतो. टिक काढली की अर्थ लावणंच थांबतं. आयपीची काढली तर त्यावरचे टीसीपी, एचटीटीपी सगळेच मुके. म्हणून छाटायचं ते वरून.

डीएनएस मात्र मी कधीच बंद करत नाही. टीएलएसच्या आतलं दिसत नाही (गल्ल्यावरचा पोरगा काय बघतो याच्याशी मला काय करायचंय!), पण नावाची चौकशी बहुधा उघडीच जाते. इथेही सर्व्हरचं नाव विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. मग दुसऱ्या पत्त्यावर चौकशी, लगेच उत्तर. राउटरमधला पहिला डीएनएस पत्ता उद्या बदलून बघतो.