आडवी बेरीज

हजेरीपत्रकात नावं एकाखाली एक असतात आणि तारखा आडव्या. प्रार्थना झाली की मी उभी बेरीज करते: पट 30, हजर 27. हा आकडा आधी पोषण आहाराच्या तांदळाला लागतो, मग मोबाईलवरून वर जातो. आडवी बेरीज महिनाअखेरीस होते, तीही रकाना रिकामा राहू नये म्हणून. मूल मात्र त्या आडव्या ओळीतच सापडतं.

नव्वद टक्के उपस्थिती म्हटलं की साहेब खूश. पण 30 पैकी तीन पोरं महिनाभर फिरकली नाहीत तरी नव्वदच, आणि सगळ्यांनी दहा दिवसांत एकेक खाडा केला तरी नव्वदच. पहिल्या प्रकारात तीन पोरं हातची चाललीत, दुसऱ्यात बहुधा तापाची साथ आहे.

आमच्या बीडकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे पोराला बघायला कुणी नसलं की तेही ट्रॅक्टरवर. त्या तारखेपासून पत्रकात 'गै'ची सलग रांग लागते, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत. हंगामी वसतिगृह आहे, फडाजवळच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण टोळी हलायच्या आधी हालचाल केली तर. म्हणून दसऱ्याच्या सुमारास मी मागच्या वर्षीचं पत्रक काढते, कुणाची ओळ कधी तुटली ते बघते आणि त्या घरच्या आजीला गाठते. आजी राहणार असेल तर पोर राहतं.

तुटक खाड्यांना जास्त वेळ लागतो. चौथीतली एक मुलगी दर बुधवारी गैरहजर. बुधवार आमचा बाजारचा. आई भाजी घेऊन बसते आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर. "त्यालाही घेऊन ये," म्हटलं. आता तो बुधवारी माझ्या टेबलाखाली बसून खडू चघळतो. (तपासणीचा दिवस बुधवारी येऊ नये एवढीच इच्छा.)

शंभर टक्के उपस्थितीचा फलक दिसला की मला आधी शंका येते. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून. कागदावरची लाखो पोरं जागेवर सापडलीच नाहीत. पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान ठरतं, मग पट फुगणारच. कमी उपस्थितीबद्दल नुसती बोलणी बसत राहिली, तर शिक्षकही 'गै'च्या जागी 'ह' लिहायला शिकतो.

मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर कारणं लिहिते. यंदा पावसाळ्यात एकाच वस्तीवरच्या पोरांपुढे एकाच तारखांना 'ओढा' आलं. ते पान मी ग्रामसभेत वाचून दाखवलं. ओढ्यावर नळ्या टाकायचं सरपंचांनी कबूल केलंय. अजून टाकल्या नाहीत. पुढच्या सभेला नव्या तारखा नेणार आहे.