विलायतेचा व्हिसा आणि आमच्या नोंदवहीतील एक नाव

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना आटोपून आम्ही कचेरीत येऊन बसलो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध शेतकरी दारात येऊन उभे राहिले. हातात जमिनीचा उतारा होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या त्यांच्या कन्येस इंग्लंडमधील एका विद्यापीठात तीन वर्षांची संशोधकाची जागा मिळाली, ही वार्ता साऱ्या गावास ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते एवढेच, की शहरातील कोणा दलालाने विद्यापीठाकडून प्रायोजकपत्र 'काढून देण्याचे' चार लाख रुपये मागितले होते, आणि म्हातारबाबा ओढ्याकाठची जमीन गहाण टाकावयास निघाले होते.

"फादर, सोसायटीला तुमची एक चिठ्ठी मिळंल काय?" एवढेच त्यांना विचारावयाचे होते.

आम्ही चिठ्ठी दिली नाही. मुलीला आणि जावयाला विद्यापीठाचे पत्र घेऊन बोलाविले. दोन संध्याकाळी आम्ही तिघे ते पत्र आणि ब्रिटिश सरकारचे नियम वाचीत बसलो. तेथे विद्यापीठातील विद्वानही सरकारच्या लेखी 'स्किल्ड वर्कर', म्हणजे कुशल कामगारच, हे पाहून आम्हांस क्षणभर मौज वाटली.

प्रायोजकपत्र म्हणून ज्याचा एवढा बोलबाला, तो वस्तुतः एक क्रमांक असतो. परवानाधारक विद्यापीठ तो सरकारी यंत्रणेतून काढते आणि उमेदवारास कळविते. दलालाला तेथे हात घालण्यास जागाच नाही. इतकेच नव्हे, ३१ डिसेंबर २०२४ पासून या पत्राचे शुल्क मालकाने कुशल कामगाराकडून वसूल करण्यास तेथील सरकारने मनाई केली आहे. परवाना असलेल्या संस्थांची यादीही उघड प्रसिद्ध होते. मुलीने तीत आपल्या विद्यापीठाचे नाव शोधून बापाला दाखविले, तेव्हा म्हातारबाबांनी उताऱ्याची घडी घालून खिशात ठेवली.

मात्र खर्च नाही असे कोणी समजू नये. व्हिसाच्या शुल्काखेरीज तेथील सरकारी औषधोपचारासाठी प्रौढ माणसामागे दरसाल १,०३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. पतिपत्नींचे तीन वर्षांचे ६,२१० पौंड, म्हणजे सात लाख रुपयांच्या वर! काही विद्यापीठे यातील काही भाग परत देतात किंवा उसने देतात. पण विचारल्यावाचून कोण सांगतो? मुलीने संकोच सोडून पत्र लिहिले आणि तिला बिनव्याजी रक्कम मिळाली, ती पगारातून फेडावयाची आहे.

क्रमांक मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. त्याआधी क्षयरोग नसल्याचा दाखला हवा, तोही मान्य यादीतील दवाखान्याचाच. गावच्या डॉक्टरांचा चालत नाही. तिचा विषय रसायनशास्त्र असल्यामुळे संशोधनास आणखी एका परवानगीची गरज होती. तिला शुल्क नाही, पण दिवस लागतात, आणि ती हाती आल्यावाचून अर्जच करता येत नाही. याच परवानगीपायी मुलीचे डोळे महिनाभर दारच्या वाटेकडे लागले होते.

दलालाने बाप्तिस्म्याचा दाखलाही 'दुरुस्त करून' आणावयास सांगितले होते. मुलीच्या अर्जास त्या दाखल्याची जरुरीच नव्हती. शिवाय खोटा कागद जोडला तर नुसता नकार मिळून भागत नाही, दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते.

परंतु जरूर होती ती विवाहाच्या दाखल्याची. कारण पतीस बरोबर न्यावयाचे तर नाते सिद्ध करावे लागते. येथे मात्र आम्हांस मान खाली घालावी लागली. तिच्या पासपोर्टात काही उणे नव्हते. पतीच्या पासपोर्टात नाव इग्नेशियस, आणि आमच्या विवाहाच्या नोंदवहीत, आमच्याच अक्षरात, इनास! गाव त्याला इनास म्हणतो, आम्हीही म्हणतो, आणि लग्नाच्या गर्दीत तेच लिहून मोकळे झालो होतो.

म्हातारबाबा म्हणाले, "एक शब्द तर खोडायचा, फादर. कोण बघतंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. नोंदवही आमच्या मालकीची नव्हे. आमच्यामागून येणारे धर्मगुरू तिच्यावर विश्वास ठेवणार. आम्ही खोडले नाही. बिशपांच्या कचेरीस आपली चूक लिहून कळविली, त्यांच्या अनुज्ञेने समासात खरी नोंद केली, आणि इनास व इग्नेशियस ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र त्या जावयाने नोटरीपुढे केले. या सगळ्यात दिवस गेले. मुलीला कामावर रुजू होण्याची तारीख टळू देता येईना, म्हणून ती एकटीच विमानात बसली. तिला निरोप द्यावयास आम्ही गेलो होतो. म्हातारबाबा आमच्याशी बोलले नाहीत.

पतीचा व्हिसा पुढे सहा आठवड्यांनी आला. त्या रविवारी मिस्सानंतर म्हातारबाबा कचेरीत आले आणि काही न बोलता ओल्या भुईमुगाची पिशवी टेबलावर ठेवून गेले.

या हंगामात ज्यांच्या घरी लग्न ठरले असेल, त्यांनी वरवधूंचे शाळेचे दाखले व पासपोर्ट असल्यास तेही, नावे पुकारण्यापूर्वीच आमच्याकडे आणावेत. चष्मा लावून, अक्षर अन् अक्षर ताडून मगच आम्ही लेखणी उचलू.